शुभाच्या नावाचा कौल

माझं नाव शुभा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळे मला त्याच नावानं हाका मारणार आहेत आणि दर हाकेला खुलासा करत बसण्याइतका धीर माझ्याकडे नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव नीलांबरी. नाशिकच्या शाळेत हजेरीला ते नाव, मायक्रोबायॉलॉजीच्या एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर ते नाव. लग्न होऊन डोंबिवलीच्या घराचा उंबरा ओलांडला आणि अर्ध्या तासात मी शुभा झाले. गुरुजी म्हणाले, मुलगा शैलेंद्र, तेव्हा ‘श’ उत्तम. सासूबाई म्हणाल्या, शुभा ठेवू, सुटसुटीत आहे आणि शकुनाचंही आहे. शैलेंद्रनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते नाव लिहिलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. मला कोणी विचारलं नाही. मीही हसले, हा माझा गाढवपणा. मला वाटलं, मेंदी उतरते तसं हेही पंधरा दिवसांत उतरेल.

उतरलं नाही. लग्नाच्या दाखल्यावर फक्त शुभा, पासपोर्टवर शुभा, अमेरिकेच्या व्हिसावर शुभा शैलेंद्र पेडणेकर. त्या व्हिसाला एच-फोर म्हणतात. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेली बायको: राहा, खा, गाडी शिका, पण नोकरी करायची नाही. आधी दोन वर्षं मिशिगनमध्ये ट्रॉयला आणि मग सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला मी हेच केलं. विद्यापीठात पहिली आलेली बाई दही किती तासांत लागतं याच्या नोंदी ठेवायला लागली, तेव्हा मला माझीच भीती वाटली.

मग २००७च्या जानेवारीत पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेनं मला नोकरी देऊ केली. विहिरींचं पाणी, शाळांच्या नळांचं पाणी, पोहण्याच्या तलावांचं पाणी. माझ्यासाठी एच-वनचा, म्हणजे नोकरी करू देणाऱ्या व्हिसाचा, अर्ज करायलाही ते तयार झाले. अर्ज घेणार दोन एप्रिलपासून. वकील म्हणाला, या वर्षी पहिल्याच दिवशी उड्या पडणार, एक दिवस उशीर झाला तर पुढच्या वर्षीपर्यंत घरी बसा. आणि तिथंच घोडं अडलं. पासपोर्ट शुभाचा, डिगरी नीलांबरीची. त्यानं विचारलं, “ही दुसरी बाई कोण?”

लग्नानंतर आडनाव बदलतं एवढं त्या अमेरिकन माणसाला माहीत होतं. पहिलं नावही बदलतात म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं.

“कोणी बदललं?”

“नवऱ्याच्या घरच्यांनी.”

“कोर्टात?”

“ताटात.”

त्याला ते समजलं नाही, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीत सांगताना मलाही पहिल्यांदाच समजेनासं झालं. मी म्हटलं, मीच ती, मी सांगतेय ना. तो म्हणाला, तुम्ही सांगून चालत नाही. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं शपथेवर लिहून देणारी दोन माणसं पाहिजेत, लग्नाला हजर असलेली.

एक प्रतिज्ञापत्र शैलेंद्रनं दिलं. दुसरं बाबांनी नाशिकहून पाठवलं. तिथल्या टायपिस्टनं माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये डबल ईच्या जागी एकच आय ठोकला होता, ते बाद झालं. नवं मागवायला वेळ नव्हता. लग्नाला हजर असलेलं आणि आत्ता अमेरिकेत असलेलं दुसरं माणूस एकच, माझ्या सासूबाई. त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आमच्याच घरात पलीकडच्या खोलीत राहत होत्या, आणि सही करत नव्हत्या.

नाही म्हणाल्या नाहीत. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. त्या म्हणायच्या, “बघू.” एकदा अमावास्या होती. एकदा चष्मा सापडत नव्हता, जो त्यांच्या डोक्यावर होता. एकदा मात्र भाजी निवडता निवडता खरं काय ते निसटलं. “नोकरी लागली की तीन वर्षं पाळणा हलायचा नाही या घरात.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शैलेंद्रला म्हटलं, तू बोल त्यांच्याशी. तो म्हणाला, “तू कन्व्हिन्स कर ना यार, तुझं ऐकते ती.” हे वाक्य त्यानं लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हटलं. कंपनीत दहा माणसांची टीम सांभाळतो हा.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या टीममधला अमित आला. अमित नागपूरचा. बाकरवडी खाता खाता त्यानं माझ्या नशिबाला नवा फाटा फोडला.

“काकू, इथून नॉर्थला एक जपानी देऊळ आहे. भरभराटीचा देव. माझं ग्रीन कार्ड अडकलं होतं ना, तिथं जाऊन आलो आणि एका वीकमध्ये अ‍ॅप्रूव्हल. एकदम पॉवरफुल आहे यार. आपली अर्धी मराठी मंडळी जाऊन आलीत. आणि तिथं चिठ्ठी पण निघते, नशीब सांगणारी.”

“चिठ्ठी?” सासूबाई सरसावून बसल्या. त्यांना मीही आईच म्हणते. “म्हणजे कौल लावतात?”

“हां, तसंच काहीतरी.”

त्या ‘तसंच काहीतरी’नं माझा घात केला. आईंचं माहेर सिंधुदुर्गातलं. तिथं विहीर खणायची असो की मुलगा मुंबईला धाडायचा असो, आधी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि एकदा लागलेला कौल कोणी मोडत नाही. आई म्हणाल्या, “उद्या जाऊ. देव कौल देईल तसं करू. उजवा दिला तर मी तिथून सरळ सहीला येते.”

उद्या म्हणजे शनिवार, चोवीस मार्च. कागद सोमवारी सकाळी वकिलाच्या टेबलावर हवा होता. नोटरी बसते ते पार्सलचं दुकान शनिवारी चारला बंद होतं. मी पाच वर्षं शिकले, तीन वर्षं घरी कुजले, आणि मला नोकरी मिळावी की नाही हे आता एक जपानी चिठ्ठी ठरवणार होती. शैलेंद्र म्हणाला, “चल ना, दीड तासाचा ड्राइव्ह आहे. आईचं समाधान होईल.” आईचं समाधान हा आमच्या घरातला एकमेव प्रोजेक्ट, ज्याला डेडलाइन नसते.

सकाळी निघता निघता साडेअकरा झाले, कारण आईंनी नैवेद्याला शिरा केला. देऊळ नदीकाठी, उंच झाडांत. दोन उभे खांब, वर दोन आडव्या तुळया, दार नसलेली चौकट. आत शिरताच डाव्या हाताला दगडी कुंडी आणि तिच्यावर बांबूच्या पळ्या. हात धुवायचे, तोंड खळखळून चूळ बाजूला टाकायची, असं चित्रांसकट लिहिलं होतं. आईंनी पाटी वाचली नाही. पळीभर पाणी उजव्या तळहातावर घेतलं, तीर्थ म्हणून प्यायल्या आणि ओला हात केसांवरून फिरवला. उघड्या कुंडीतलं, दिवसभर शंभर हात लागलेलं पाणी! ते तपासणं हाच माझा धंदा होणार होता. मी तोंड उघडलं तर शैलेंद्रनं माझा दंड दाबला.

पुढे दोन दगडी कोल्हे, गळ्यात लाल फडकी बांधलेले. आईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि मी “आई, नको” म्हणेपर्यंत उजव्या कोल्ह्याच्या कपाळावर ठसठशीत बोट उमटवलं. पांढऱ्या झग्यातला पुजारी लगबगीनं आला. पन्नाशीचा जपानी माणूस, चेहरा शांत, पण डोळे त्या कुंकवावरून हलत नव्हते. अगदी अदबीनं म्हणाला, हा देव नाही, देवाचा निरोप्या आहे. शैलेंद्रनं भाषांतर केलं.

“मग निरोप नीट पोचवेल,” आई म्हणाल्या आणि डाव्या कोल्ह्यालाही लावलं.

शेजारच्या चौकटीवर लोकांनी आपापल्या इच्छा लिहून टांगलेल्या लाकडी पाट्या होत्या. जपानी अक्षरांच्या गर्दीत देवनागरी लगेच डोळ्यांत भरत होती. ‘एच-वन होऊ दे.’ ‘ग्रीन कार्ड २००७ मध्येच.’ ‘प्लेनोचं घर विकलं जाऊ दे.’ एकीवर तर केस नंबर होता, देवाला फाइल शोधायला सोपं जावं म्हणून. शैलेंद्रनंही एक पाटी घेतली आणि माझ्याकडे पाठ करून लिहिली. मी डोकावले. ‘शैलेंद्रचं प्रमोशन, आईची तब्येत, घरात बाळ.’ माझा दोन एप्रिल कुठंच नव्हता.

“माझं?” मी विचारलं.

“अगं, तुझं तर आई आता विचारणारच आहे ना!”

मी त्या माणसाशी गाडीत बसेपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं. ते जमलं नाही, पण ठरवलं.

कौलाचा डबा सभामंडपाच्या ओसरीवर होता. सहा बाजूंचा, लाकडी, खाली एक भोक. हलवायचा, एक काडी बाहेर येते, काडीवर आकडा असतो, त्या आकड्याच्या खणातला कागद घ्यायचा. आईंनी चपला बाजूला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, डबा दोन्ही हातांत धरला आणि माहेरच्या बोलीत खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! तू जपानचो असलंस तरी देव तो देवच रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शैलेंद्र ओरडला. लहानपणची सवय, तोंडातून आपोआप निघालं. फोटो काढणारं एक अमेरिकन जोडपं दचकून मागे सरलं.

“माझी सून शुभा नोकरीक जाऊक बघता. ती नोकरी तिका लाभात काय नाय, ता तू सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ज्यानं पाटीवर माझं नावही लिहिलं नाही, तो माझ्या नोकरीला व्हय म्हाराजा म्हणत होता. काडी पडली. बत्तीस. शैलेंद्रनं खणातून कागद काढला. एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्यानं वाचला आणि त्याचं तोंड उतरलं.

“काय आहे?” आईंनी विचारलं.

“तसं काही स्पेशल नाही गं.”

मी कागद ओढून घेतला. वर मोठ्या अक्षरांत ‘दुर्भाग्य’. खाली बारीक अक्षरांत यादी. प्रवास: टाळावा. नोकरी: आत्ता योग्य वेळ नाही. हरवलेली वस्तू: सापडणार नाही. ज्याची वाट पाहता तो: येणार नाही. मी सगळं मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं. लपवून काय करणार होते? शैलेंद्र सोडला तर त्या घरात खोटं बोलायचं कोणालाच जमत नाही.

आईंनी हात जोडले. चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. “डावा दिला गं,” त्या म्हणाल्या. “आता माझ्या हातात काही राहिलं नाही, शुभा.”

“ज्याची वाट पाहता तो येणार नाही, असंही म्हटलंय त्यात,” मी म्हटलं. “तुम्ही कोणाची वाट पाहताय ते सांगू? तो कौल पाळणार का?”

“ते कौलात विचारलंच नव्हतं.”

“वा! म्हणजे देवानं आपण होऊन सांगितलं ते सोडायचं, आणि माझं तेवढं धरायचं!”

“स्लोली बोल ना,” शैलेंद्र म्हणाला. “लोक बघतायत.”

“बघू देत! तिकीट काढून तर नाही बघत ना?”

पुजारी पुन्हा आला. त्याला वाटलं आम्ही चिठ्ठीला घाबरलो. त्यानं ओसरीच्या कडेला ताणलेली दोरी दाखवली. तिच्यावर घड्या घातलेले शेकडो कागद बांधलेले होते. वाईट निघालं तर इथंच बांधून जायचं असतं, तो म्हणाला, म्हणजे ते घरी येत नाही. आणि हा देवाचा हुकूम नसतो, एक सूचना असते, जपून वागा अशी. मी आईंना शब्दन् शब्द सांगितलं.

“म्हणजे डावा पडला की दोरीला टांगायचा आणि पळ काढायचा?” आई म्हणाल्या. “मग विचारायचं कशाला? आमच्यात कौल मोडत नाहीत.”

दोन वाजायला आले होते. मला रडू येत होतं आणि रडले असते तर आईंनी मला जवळही घेतलं असतं, म्हणून मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत चमकायचं तसं.

“आई, कौल कोणाच्या नावानं लावलात?”

“तुझ्या.”

“नाव काय घेतलंत?”

“शुभा. दुसरं कुठलं घेऊ?”

“मग ठीक आहे. हा कौल शुभाचा. शुभाकडे डिगरीच नाही, तिला नोकरी कोण देतंय? नोकरी नीलांबरीला मिळालीय. तिच्याबद्दल देव काहीच बोललेला नाही.”

शैलेंद्र हसला. मीही जिंकल्यासारखी उभी राहिले. आईंनी पदर सारखा केला. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेली ही बाई, पण डोकं असं की तिला वकील करायला हवं होतं.

“म्हणजे शुभा आणि नीलांबरी दोन वेगळ्या बायका?” त्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही.

“मग त्या दोघी एकच आहेत असं मी शपथेवर कसं लिहून देऊ? परक्या देशाच्या सरकारला खोटं सांगू?”

असा संताप आला म्हणून सांगू! त्यांचा आला, त्या ताटातल्या तांदळाचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या हुशारीचा आला. तीन वर्षं मी मनात घोकत होते की शुभा म्हणजे मी नव्हे. फोनवर ‘शुभा बोलतेय’ म्हणताना जीभ जड व्हायची. आणि आता नोकरी हवी तर याच तोंडानं सांगायचं होतं की शुभा म्हणजे मीच.

“एकच आहेत,” मी म्हटलं. “दोन्ही मीच आहे. लागू दे हा कौल मला. नोकरी टिकली नाही तर माझी टिकणार नाही, दुर्भाग्य आलं तर माझ्या बोकांडी येईल.” आणि मी तो कागद चार घड्या करून माझ्या पर्समध्ये टाकला.

आईंचा चेहरा पांढरा पडला. “अगं, हे काय करतेस? बांध ना तो तिथं! तो सांगतोय ना बांधायला?”

“आपल्यात कौल मोडत नाहीत.”

“डावा कौल म्हणून कोणी घरात घेऊन येत नाही! शैलेंद्र, सांग तिला. तिच्या अंगावर काही आलं म्हणजे?”

माझ्या अंगावर काही येईल म्हणून त्या खरोखरच घाबरल्या होत्या. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी विरघळले असते. त्या दिवशी नाही.

“सही करणार असाल तर बांधते,” मी म्हटलं. “नाहीतर घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवते.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सून म्हणून घरात आणली होती ती ही नव्हेच. मग म्हणाल्या, “बांध. येते मी सहीला.” मी दोरीवर कागद बांधला. त्यांनी दोनदा गाठ ओढून पाहिली.

आम्ही गाडीत बसलो. पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट उरकून टाकते: अर्ज वेळेत पोचला. दोन दिवसांत इतके अर्ज पडले की सरकारनं शेवटी सोडत काढली, आणि तीत माझा नंबर लागला. ऑक्टोबरपासून मी त्या प्रयोगशाळेत जाते. अमित अजून सगळ्यांना सांगत फिरतो, बघा, काकू जाऊन आल्या आणि काम झालं. तेव्हा माझा राग नशिबावर नाही. नशिबानं माझं काही वाईट केलेलं नाही.

दुकानात पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. काउंटरमागे जाड चष्म्याची एक गोरी बाई, तीच नोटरी. तिनं आईंचा पासपोर्ट बघितला, सुमती जगन्नाथ पेडणेकर, आणि म्हणाली, नीट वाचून भरा आणि सही माझ्यासमोर करा. मी जादा म्हणून तीन कोऱ्या प्रती आणल्या होत्या. बाबांच्या प्रकरणानंतर मी शहाणी झाले होते. आई एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. त्यांचं इंग्रजी अक्षर गोल, शाळकरी, सुबक. तिसऱ्या ओळीशी बोट थांबलं.

“यापूर्वी वापरलेलं दुसरं नाव, असंच विचारलंय ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी घड्याळ बघत म्हटलं.

त्यांनी लिहायला सुरुवात केली. एम. ए. टी.

“आई, काय लिहितेयस?” शैलेंद्र म्हणाला. “एम कुठून आला?”

“मथुरा.”

“कोण मथुरा?”

“मी,” आई म्हणाल्या. “मथुरा गुरुदत्त सामंत.” आणि वर न बघता एच लिहिला.

शैलेंद्रनं वाकून तो शब्द वाचला. छत्तीस वर्षांचा घोडा, आईच्या नावाचा त्याला पत्ता नव्हता. “तू कधी बोलली नाहीस!”

“तुझ्या बाबांना आवडायचं नाही.”

मी तरी कुठं विचारलं होतं? तीन वर्षं मी या बाईवर दात खाऊन होते, की हिनं माझं नाव पुसलं. पण हिचंही कोणीतरी पुसलं असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या क्षणी मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी काय केलं ते सांगते. मला तो वकील दिसला, पेन खाली ठेवून विचारणारा, आता ही मथुरा कोण? तिचा पुरावा? मथुरेला ओळखणारी दोन माणसं? ती सगळी सिंधुदुर्गात, आणि त्यातली निम्मी वर गेलेली.

“आई,” मी म्हटलं, “ते नका लिहू.”

“का? विचारलंय ना त्यांनी?”

“लिहिलं की पुरावा मागतील.”

“पुरावा कसला? मीच सांगतेय ना!”

“तुम्ही सांगून चालत नाही.”

हे मी म्हटलं. मी. त्या वकिलाच्याच थंड आवाजात.

आईंनी शैलेंद्रकडे पाहिलं. तो पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या किमती वाचत होता. नोटरी बाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि म्हणाली, खाडाखोड चालणार नाही, दुसरा कागद घ्या. मी दुसरी प्रत पुढे सरकवली. आईंनी पुन्हा नाव लिहिलं, पुन्हा जन्मतारीख लिहिली. पहिला कागद मी घडी करून घेतला, त्यावरच्या तिसऱ्या ओळीत MATH एवढंच होतं.

“इथं काय लिहू मग?” त्यांनी विचारलं.

“None लिहा.”

“म्हणजे?”

“कोणतंही नाही.”

त्यांनी मान हलवली. पेन ओळीवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. चाराला बारा मिनिटं कमी होती. स्वतःचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तरी माझी नजर त्या घड्याळावरून हलत नव्हती.

“स्पेलिंग सांग गं,” आई म्हणाल्या.

मी सांगितलं. “एन. ओ. एन. ई.”